पदवीनंतर वैद्यकाकडे : जुन्नर-आंबेगावच्या तरुणांसाठी प्रवेशाचे नियम

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके. पूर्वेस नारायणगाव, ओतूर, आळे, मंचर ही बाजारपेठेची व बागायतीची गावे. पश्चिमेस आहुपे, तळेघर, भीमाशंकर, नाणेघाट हा डोंगरपट्टा. तेथील महादेव कोळी कुटुंबांचे वर्ष भाताच्या खाचरावर आणि हिरड्याच्या हंगामावर सरते. पूर्वेकडे उसात बिबट्या, पश्चिमेकडे पावसाळ्यात साप आणि खचणारे घाटरस्ते. अशा मुलखात डॉक्टर किती अंतरावर आहे, हा प्रश्न प्रसंगी जीवन-मरणाचा ठरतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांचे सर्पदंशावरील उपचारांचे कार्य सर्वत्र परिचित आहे. दंश झालेला रुग्ण वेळेत पोचला तर वाचतो, ही गोष्ट या भागातील माणसांनी स्वतः पाहिली आहे.

त्यामुळेच की काय, येथील काही तरुण पदवी घेऊन, चार-दोन वर्षे नोकरी करून झाल्यावर वैद्यकीय शिक्षणाचा विचार करू लागतात. कोणी औषधाच्या दुकानात काम करतो, कोणी शीतगृहात हिशेब लिहितो, कोणी अंशकालीन शिक्षक असतो. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘‘पदवीला तृतीय श्रेणी आहे, वयही अठ्ठावीस झाले. आता डॉक्टर होता येईल का?’’ गावातील जाणत्या मंडळींकडून त्यास मिळणारे उत्तरही बहुधा एकच असते : ‘‘आता कसले डॉक्टर होतोस!’’ हे उत्तर सद्भावनेने दिलेले असते, परंतु आजच्या नियमांस धरून नसते. सल्ला देणारे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि कार्यालयांतील अधिकारी यांना वस्तुस्थिती ठाऊक असावी, म्हणून हे विवेचन.

पदवीचे गुण कोणी विचारीत नाही

प्रथम सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एम.बी.बी.एस. हा आपल्या देशात बारावीनंतरचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशाची गुणवत्ता यादी ‘नीट’ या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. उमेदवाराने मध्यंतरी बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. केले, त्यात तो तृतीय श्रेणीत उत्तीर्ण झाला किंवा अनुत्तीर्ण होऊन पदवी अर्धवट सोडली, याचा त्या यादीशी काहीही संबंध नसतो. ज्या गुणपत्रिकेने त्याला वर्षानुवर्षे खाली मान घालावयास लावली, ती येथे कामाची नाही. प्रस्तुत लेखक स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. ही गोष्ट प्रथम समजली तेव्हा त्यालाही आश्चर्य वाटले होते.

हा गैरसमज पसरण्याचे एक कारण परदेशी माहितीत आहे. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात साधारणतः पदवीनंतर प्रवेश मिळतो आणि तेथे पदवीच्या गुणांची बारकाईने छाननी होते. गुण कमी असल्यास पुन्हा एक-दोन वर्षे विज्ञानाचे विषय शिकून आपली पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते. व्यवसाय बदलून वैद्यकाकडे वळणाऱ्यांसाठी तेथे असे स्वतंत्र अभ्यासक्रमच आहेत. नातेवाइकांकडून ऐकलेली किंवा भ्रमणध्वनीवर वाचलेली ही माहिती आपल्याकडील तरुण स्वतःला लावून घेतात आणि विनाकारण खचतात.

आपल्याकडे अडसर आहे तो पदवीत नसून त्याच्या तीन वर्षे मागे, बारावीत आहे.

बारावीचे तीन विषय

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तिन्ही विषय आणि इंग्रजी यांत उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. तिन्ही शास्त्रविषयांचे मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के, मागास प्रवर्गांसाठी ४० टक्के गुण हवेत. खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेत हे तीन विषय मिळून ३०० गुणांचे. म्हणजे खुल्या प्रवर्गास १५०, मागास प्रवर्गास १२० गुण पुरेसे. ही केवळ उंबरठ्याची अट आहे. उंबरठा ओलांडल्यावर १५२ गुणांचा आणि २८५ गुणांचा उमेदवार एकाच पातळीवर येतात. पुढे फक्त नीटचे गुण मोजले जातात.

उदाहरणादाखल समजा, आपटाळे भागातील एका तरुणाला दहा वर्षांपूर्वी बारावी विज्ञानात या तीन विषयांत १६२ गुण होते. पुढे बी.एस्सी.त त्याचे मन रमले नाही व कशीबशी तृतीय श्रेणी मिळाली. हा तरुण आज कोणतीही नवी परीक्षा न देता नीटच्या अर्जास पात्र आहे. याउलट, त्याच्या वर्गमित्राने पदवीला प्रथम श्रेणी मिळविली, परंतु बारावीत १३८ गुण होते. तो खुल्या प्रवर्गातील असेल तर पात्र नाही. प्रथम श्रेणी त्याला तारीत नाही. तोच अनुसूचित जमातीचा असेल तर १३८ गुण, म्हणजे ४६ टक्के, त्यास पुरेसे आहेत.

ज्याने गणित घेऊन बारावी केली व जीवशास्त्र सोडले, त्याची वाट पूर्वी बंदच होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढून ती उघडली. बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर जीवशास्त्रासारखा आवश्यक विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केल्यासही आता नीटला बसता येते. अभियांत्रिकी पदविका वा पदवी घेऊन चाकणच्या कारखान्यात लागलेल्या, पण मन तेथे न रमलेल्या तरुणांना या बदलाचा उपयोग आहे. कला शाखेतून बारावी झालेल्यांना मात्र तिन्ही शास्त्रविषय, तेही प्रात्यक्षिकांसह, नव्याने करावे लागतील. हे काम एका हंगामाचे नाही, हे त्यांना आधीच सांगावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग निवडणाऱ्याने परीक्षा केंद्र महाराष्ट्रातील घ्यावे. राज्याच्या कोट्यातील जागांसाठी दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास प्रमाणपत्र असणे अपेक्षित असते. परराज्यातील केंद्रावरून सोयीने परीक्षा दिलेला उमेदवार नंतर हळहळतो.

वयाची अट

वयाविषयी गावोगावी अद्याप जुनीच माहिती फिरत आहे. खुल्या प्रवर्गास २५ व राखीव प्रवर्गास ३० वर्षे अशी कमाल मर्यादा काही काळ खरोखरच होती आणि तिच्यावरून न्यायालयीन वादही झाले. मार्च २०२२ मध्ये ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण होणे एवढीच अट उरली. परीक्षेस किती वेळा बसावे, यालाही मर्यादा नाही.

तथापि नियम अनुकूल झाला म्हणून काळ थांबत नाही. तिसाव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याचे साडेचार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता मिळून साडेपस्तिसावे वर्ष उजाडते. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यास त्यानंतर एक वर्ष शासकीय सेवा बंधनकारक आहे. ती टाळल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. शासकीय नोकरीतील प्रवेशाची वयोमर्यादा ही आणखी वेगळी बाब आहे. ती शिक्षणप्रवेशाच्या नियमात येत नाही. ज्याचा डोळा वैद्यकीय अधिकारी पदावर आहे, त्याने ती स्वतंत्रपणे पाहून घ्यावी.

उशिरा वळलेली माणसे

मध्येच वाट बदलून वैद्यकाकडे येणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हती. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले, तेव्हा भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होते. शिक्षकाची जागा सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. (जुन्नरकरांना त्यांचे आणखी एक ऋण आहे. नाणेघाटातील शिलालेखांचा अभ्यास करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झाले.) रखमाबाईंचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. अकराव्या वर्षी लग्न, १८८४ पासून पतीने चालविलेला गाजलेला खटला, तुरुंगात जाण्याची दाखविलेली तयारी, या सर्वांतून त्या १८८८ साली मोकळ्या झाल्या. नियमित महाविद्यालयीन शिक्षण पाठीशी नसताना, पंचविशीच्या सुमारास, १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ साली त्यांनी अर्हता मिळविली आणि पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घ काळ रुग्णसेवा केली.

बाबा आमटे हे वकील. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी त्यांनी कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत जाऊन कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले, ते एम.बी.बी.एस. झाले नाहीत. या उदाहरणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पात्र ठरणे आणि जागा मिळणे

शिक्षकांनी पालकांना समजावून सांगावी अशी एक गोष्ट म्हणजे टक्के आणि ‘पर्सेंटाइल’ यांतील भेद. बारावीला ५० टक्के हवेत आणि नीटमध्ये खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल हवेत, हे दोन ‘पन्नास’ सर्रास एक मानले जातात. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या खाली शेकडा किती उमेदवार आहेत, त्याचे माप. २०२५ साली ७२० पैकी १४४ गुण मिळविणारा, म्हणजे अवघे २० टक्के गुण घेणारा उमेदवारही ५० पर्सेंटाइलवर पोचून ‘पात्र’ ठरला. राखीव प्रवर्गांस ४० पर्सेंटाइल लागतात. त्या वर्षी ही रेषा ११३ गुणांवर होती.

निकालपत्रावर ‘पात्र’ हा शब्द पाहून पेढे वाटले जातात आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख उमेदवारांनी परीक्षा दिली, १२ लाखांहून अधिक पात्र ठरले, आणि देशभरात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यांतही मोठा वाटा खाजगी महाविद्यालयांचा. खुल्या प्रवर्गात शासकीय जागेसाठी पात्रतेच्या रेषेच्या तिपटीहून अधिक गुण लागले. म्हणजे दहापैकी नऊ पात्र उमेदवार जागेविना राहतात. नोकरी करणाऱ्या, संसार असलेल्या माणसाने हा हिशेब मांडूनच पाऊल टाकावे. जागा हाती येण्यापूर्वी नोकरीचा राजीनामा देण्यास प्रस्तुत लेखकाचा तरी स्पष्ट विरोध आहे.

परीक्षेचे स्वरूप मात्र प्रौढ उमेदवारास अगदीच प्रतिकूल नाही. १८० प्रश्नांपैकी निम्मे, ९० प्रश्न जीवशास्त्राचे. भौतिक व रसायन प्रत्येकी ४५. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीस १ गुण वजा. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच असतो आणि प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते. वर्षानुवर्षे गणितापासून दूर राहिलेल्यास भौतिकशास्त्र जड जाते, जीवशास्त्र चिकाटीने साध्य होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. प्रवेशानंतरचे शिक्षण मात्र पूर्ण वेळेचे. उपस्थिती व्याख्यानांना ७५ टक्के व प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागते. पहिल्या वर्षाच्या परीक्षेस चारच संधी असतात आणि एकूण अभ्यासक्रम नऊ वर्षांत पुरा करावा लागतो. नोकरी सांभाळून हे साधत नाही.

जात वैधता : जुने रजिस्टर आणि नवा अर्ज

पश्चिम पट्ट्यातील उमेदवारांची खरी अडचण पुष्कळदा अभ्यासात नसून कागदपत्रांत असते. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरेसा नाही. तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. विज्ञान शाखेतील मुले ते अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत मिळवितात. बी.ए. होऊन नोकरीस लागलेल्या तरुणास ते कधी लागलेच नसते. मग नीटचा निकाल हाती आला की तो धावाधाव करतो, आणि समितीचे काम तर कागद तपासून, प्रसंगी गृहचौकशी करून चालते. ते चार दिवसांत उरकत नाही.

परिणाम दुहेरी होतो. वर सांगितलेल्या १३८ गुणांच्या तरुणाकडे मुदतीत वैधता नसेल तर त्यास खुल्या प्रवर्गात धरले जाते. त्याची राखीव जागा जाते, आणि ५० टक्क्यांची अट लागू झाल्याने तो मुळातच अपात्र ठरतो. नीटमध्ये उत्तम गुण असूनही हे घडू शकते.

या प्रकरणी गावाने करण्याजोगे एक काम आहे. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे मोलाचे ठरतात. आजोबा-पणजोबांच्या नावाची शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद, महसुली दप्तरातील जुना उतारा, जन्म-मृत्यूची नोंद यांपैकी काही सापडले की मार्ग सुकर होतो. रक्ताच्या नात्यातील कोणास आधीच वैधता मिळाली असेल तर तीही जोडावी. जुन्या प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी आपली रजिस्टरे वाळवी व ओल यांपासून जपली, तरी पुढच्या पिढीवर उपकार होतील. डिंभे धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या कुटुंबांना तर आपल्या जुन्या शाळेचे दप्तर आता कोठे आहे, येथूनच शोध घ्यावा लागतो; खुद्द आंबेगाव हे गावही त्याच जलाशयात गेले. अशा उमेदवारांनी घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि पुण्याच्या तपासणी समितीकडे नीटचा अर्ज भरण्याच्या आधीच विचारणा करावी. डोंगरी भागातील उमेदवारांसाठीही प्रवेशात काही तरतूद असते. तिच्या अटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात.

मध्यस्थांपासून सावध

निकाल लागताच भ्रमणध्वनी खणखणू लागतात. ‘‘मुलगा पात्र आहे, जागा मिळवून देतो, तेवढी आगाऊ रक्कम द्या.’’ राज्यातील प्रवेश, खाजगी महाविद्यालयांतील जागांसह, नीटच्या गुणांवर केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कक्षामार्फत आणि १५ टक्के अखिल भारतीय फेऱ्यांतून भरल्या जातात. पैसे घेऊन ‘जागा राखून ठेवणारा’ कोणीही मनुष्य या पद्धतीत नाही. पुतण्याच्या प्रवेशासाठी अशा मध्यस्थाच्या हाती रक्कम देऊन बसलेले एक गृहस्थ प्रस्तुत लेखकाच्या नात्यातच आहेत. ती रक्कम परत आली नाही. जमीन गहाण पडली ती वेगळीच.

परदेशी शिक्षणाविषयीही असेच. नीटची पात्रता तेथेही लागते. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता झाली पाहिजे, त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याजोगी ती पदवी असली पाहिजे. भारतात परतल्यावर आणखी परीक्षा व १२ महिन्यांची आंतरवासिता आहेच. यांपैकी एक अट जरी चुकली तरी येथे व्यवसायाची नोंदणी मिळत नाही.

शुल्काच्या बाबतीत अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती व शिष्यवृत्त्या परिचित आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ती लागू नाही. लग्न होऊन शिक्षण थांबलेल्या मुलींच्या घरी ही माहिती मुद्दाम पोचवावी.

डॉक्टरकीच्या अलीकडे

हिशेब मांडून झाल्यावर अनेकांना एम.बी.बी.एस.चा नाद सोडावा लागेल, हेही खरे. बाबा आमट्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. सेवेची ओढ रुग्णाजवळ जाण्याची असेल, तर त्यास अन्य वाटा आहेत. परिचर्येच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमास बारावीची कोणतीही शाखा चालते; इंग्रजीसह बारावीला ४० टक्के गुण लागतात. आयुर्वेद पदवीचा प्रवेश नीटवरूनच होतो, परंतु गुणांची रेषा एम.बी.बी.एस.पेक्षा बरीच खाली असते. अशा पदवीधरांना उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम मिळते. सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय समाजकार्य या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणास कला शाखेचा पदवीधरही जाऊ शकतो. येथे मात्र पदवीचे गुण पाहिले जातात, हे ध्यानात असावे.

नीटचे अर्ज सामान्यतः वर्षाच्या आरंभी निघतात आणि परीक्षा मे महिन्यात होते. त्यापूर्वी बारावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला व वैधता, आणि लागू असल्यास उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला हे कागद एका पिशवीत तयार असावेत. शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव एकच आहे काय, हे आजच पडताळून पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद सोबत ठेवावी. पडताळणीच्या दिवशी सर्वाधिक खोळंबा याच एका कारणाने होतो.